गच्चीवरचं ११ टनी पॅकेज युनिट: मशीन भरवशाचं, बसवणूक डोळ्यांत तेल घालून

मंगल कार्यालय, मोठं रेस्टॉरंट, शोरूम, जिम, बँकेची शाखा अशा जागांना आता गच्चीवर बसणारं पॅकेज युनिट सर्रास सुचवलं जातं. कॉम्प्रेसर, गॅसमधली उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर, थंड करणारी कॉईल, हवा ढकलणारा पंखा म्हणजे ब्लोअर, फिल्टर आणि कंट्रोल पॅनेल, सगळं एकाच पत्र्याच्या पेटीत असतं. खाली हॉलमध्ये येतात त्या फक्त डक्ट, म्हणजे हवा नेणारे बोगदे, आणि जाळ्या. व्होल्टास, ब्लू स्टार, डायकिन, कॅरियर यांच्यासारख्या मोठ्या कंपन्यांमुळे हा प्रकार बाजारात चांगला रुळलेला आहे. हे परीक्षण कुठल्या एका मॉडेलचं नाही. ११ टनांच्या (हा टन थंडाव्याच्या क्षमतेचा, वजनाचा नाही) आसपासच्या या अख्ख्या प्रकाराचं आणि मुख्यतः त्याच्या बसवणुकीचं आहे. कारण या मशीनबद्दलच्या तक्रारी खणत गेलं की बहुतेकांचं मूळ पेटीच्या आत सापडत नाही. ते पायात, हवेच्या वाटेत, पाण्याच्या पाइपात किंवा केबलच्या टोकाला सापडतं.

आधी मशीनचं कौतुक, कारण ते त्याला पात्र आहे. डक्टेबल स्प्लिटमध्ये आतलं आणि बाहेरचं युनिट जोडणारी तांब्याची पाइप जागेवर जोडावी लागते. ब्रेझिंग, म्हणजे पाइपचा सांधा तापवून जोडणं, करताना आतून नायट्रोजन सोडला नाही तर पाइपात काळी खपली धरते. व्हॅक्यूम, म्हणजे पाइपातली हवा पंपाने ओढून काढणं, घाईत उरकला की ओल आत राहते. आणि लांब पाइपसाठी जास्तीचा गॅस अनेकदा वजनकाट्यावर नाही, अंदाजानेच भरला जातो. पॅकेज युनिटमध्ये यातलं काहीच जागेवर होत नाही. गॅस कारखान्यातच मोजून भरलेला, सगळे सांधे तपासलेले. म्हणून एक नियम पक्का धरावा: नव्या पॅकेज युनिटला ‘गॅस चेक करतो’ म्हणत कुणी पहिल्याच दिवशी दाब मोजायचं गेज लावू लागला, तर आधी कारण विचारा. गेज लावताना आणि काढताना थोडा गॅस जातो, व्हॉल्वची पिन गळायला लागू शकते. तापमान आणि अँपिअरची नोंद ठीक आली तर गेजची गरज बहुधा पडतच नाही.

गॅस कोणता हे नेमप्लेटवर पाहून घ्या. या आकारात बराच काळ आर-४१०ए चालत आलाय, आता आर-३२ची युनिटंही येतात. आर-२२ भरलेलं नवं युनिट कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. तो गॅस वापरून नवी यंत्रं बनवायला भारतात २०२५ पासून मनाई आहे, म्हणजे ते युनिट जुन्या साठ्यातलं असणार. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे. गच्चीवर मोकळ्या हवेत धोका कमी, पण डक्ट हॉलमध्ये उघडते हे विसरू नये. त्यासाठीची गळतीची सूचना देणारी सोय कंपनीने दिली असेल तर ती वायरिंगमध्ये बायपास करू देऊ नका.

आता खरी अडचण. कोटेशन नीट वाचलं तर कंपनीच्या जबाबदारीत येतं मशीन आणि कमिशनिंग, म्हणजे पहिल्यांदा तपासून सुरू करून देणं. पाया, स्टँड, क्रेन, केबल, अर्थिंग आणि ड्रेनसमोर ‘ग्राहकाच्या कक्षेत’ असा एक शेरा असतो. मग गवंडी पाया करतो, फॅब्रिकेटर स्टँड करतो, वायरमन केबल ओढतो, प्लंबर पाइप लावतो, आणि या चौघांची गाठ एकमेकांशी पडतच नाही. कमिशनिंगचा इंजिनिअर येतो तेव्हा सगळं जागेवर बसलेलं असतं. तो फार तर शेरा मारू शकतो, स्टँड उचलून सरकवू शकत नाही. म्हणून ऑर्डर देतानाच एका माणसाला पूर्ण कामाची जबाबदारी द्या आणि मशीनचं मापांसह ड्रॉइंग मशीन यायच्या आधी या चौघांच्या हातात पडू द्या.

वजन आणि पाया

११ टनी युनिटचं वजन मॉडेलप्रमाणे साधारण ४५० ते ६०० किलो भरतं. पेटीचा ठसा धरा २.१ मीटर बाय १.३ मीटर, म्हणजे २.७ चौरस मीटर. ५०० किलो त्यावर पसरले तर चौरस मीटरला १८५ किलो. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी आयएस ८७५ मध्ये, म्हणजे इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकात, धरलेला भार आहे १.५ किलोन्यूटन, म्हणजे चौरस मीटरला सुमारे १५० किलो. स्लॅब लगेच खाली येईल असा याचा अर्थ नाही. पण मशीन स्लॅबच्या मधोमध ठेवायचं नाही, एवढं यातून नक्की कळतं. भार बीमवर आणि बीममधून कॉलमवर गेला पाहिजे. त्यासाठी दोन बीमवर टेकणारे लोखंडी आय-सेक्शन किंवा चॅनल टाकायचे आणि मशीन त्यांच्यावर बसवायचं. कुठल्या मापाचं सेक्शन लागेल हे फॅब्रिकेटरने ठरवायचं नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं सहीशिक्क्याचं पत्र घ्या. जुन्या लोड-बेअरिंग इमारतीत तर त्या पत्राशिवाय क्रेन बोलवूच नका.

आपल्याकडच्या गच्चीवर बहुतेक ठिकाणी ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंगचा थर, असतो, आणि सगळ्यात जास्त नासधूस होते ती त्याचीच. कोब्यावरून ड्रिल मारून अँकर बोल्ट ठोकला की वॉटरप्रूफिंगला भोक पडलंच. उन्हाळ्यात काही दिसत नाही. पहिल्या जोरदार पावसात हॉलच्या फॉल्स सीलिंगवर डाग उमटतो आणि खापर एसीच्या ड्रेनवर फुटतं. बरोबर पद्धत अशी: बीमच्या रेषेत तेवढ्या भागातला कोबा काढून स्लॅबपासून काँक्रीटचे पेडेस्टल, म्हणजे ठेंगणे खांब, उचलायचे, बोल्ट त्यातच आधी बसवून ओतायचे, आणि वॉटरप्रूफिंग पेडेस्टलच्या अंगावर किमान १५० मि.मी. चढवून कोपऱ्यात गोल वाटा काढायचा. स्टँडची उंची ४५० मि.मी. तरी ठेवा. खाली हात घालून झाडता यायला हवं, पुढे कोबा दुरुस्त करायची वेळ आली तर गवंड्याला थापी फिरवता यायला हवी, आणि ड्रेनच्या यू-ट्रॅपलाही, म्हणजे पाणी साठून राहणाऱ्या पाइपच्या वळणालाही, तेवढी जागा लागतेच.

स्टँड आणि मशीन यांच्यामध्ये रबरी पॅड हवेत, सगळ्या टेकूंवर एकाच जाडीचे. हॉलवर थेट झोपायच्या खोल्या असतील, लॉजिंग असेल, तर रबरावर भागवू नका, स्प्रिंगचे आयसोलेटर घ्या. पातळी स्पिरिट लेव्हलने दोन्ही दिशांना तपासा. मॅन्युअलमध्ये ड्रेनच्या बाजूला किती कल द्यायचा ते लिहिलेलं असतं, त्याहून जास्त देऊ नका.

पत्र्याच्या शेडवर बसवायचं असेल तर दोन ओळीत सांगतो. शेड ज्याने डिझाइन केली त्याच्याकडून राफ्टरवर, म्हणजे छताच्या मुख्य तिरक्या तुळयांवर, टेकणारी स्वतंत्र चौकट करून घ्या, पत्रे ज्यावर बसतात त्या पर्लिनवर भार टाकू नका. आणि छतातल्या उजेडासाठी लावलेल्या फायबरच्या पत्र्यावर कुणीही पाय देणार नाही याची काळजी घ्या. धूळ बसली की ते लोखंडी पत्र्यासारखेच दिसतात आणि माणसाच्या वजनाने फुटतात. फळ्या टाका, फुल बॉडी हार्नेस लाइफलाइनला अडकवूनच काम करू द्या.

वर चढवताना

हायड्रा क्रेन मागवताना ‘१२ टनी’ ऐकून निश्चिंत होऊ नका. बूम लांब आणि आडवा जातो तशी क्षमता झपाट्याने उतरते. रस्त्यावर क्रेन कुठे उभी राहणार, तिथून पेडेस्टलपर्यंत आडवं अंतर किती, हे मोजून लोड चार्टवर पाहा. बूमच्या फेरीत विजेच्या तारा असतील तर महावितरणकडून लाइन बंद करून घेऊनच उचल करा.

स्लिंग, म्हणजे उचलायचे पट्टे, मशीनच्या बेसच्या चौकटीला दिलेल्या भोकांतूनच लावायच्या, वर पट्टे लांब ठेवणारा स्प्रेडर बार हवाच. स्प्रेडर नसेल तर पट्टे आतल्या बाजूला दाबतात आणि वरचा पत्रा, कधी कंडेन्सरची कॉईलही चेपते. पट्टा जितका आडवा तितका ताण जास्त. ५०० किलोचं मशीन दोन पट्ट्यांवर, पट्टे आडव्या रेषेशी ३० अंशांत असतील, तर प्रत्येक पट्ट्यावर २५० नाही तर पूर्ण ५०० किलोचा ताण येतो. ६० अंश ठेवला तर तोच साधारण २९० वर येतो. चार पट्टे लावले तरी हिशेब दोघांवरच धरावा, कारण चारही सारखे ताणलेले क्वचितच असतात. मशीन कलतं करून नेऊ नका, कॉम्प्रेसरमधलं तेल जागा सोडतं. खाली माणूस नको, दोन टोकांना दोर बांधून लांबूनच दिशा द्यायची. वारा सुटला असेल तर थांबायचं. लाकडी पॅलेट गच्चीवर पोचल्यावरच काढा, आणि मशीन कोब्यावरून ढकलत नेऊ नका.

बसल्यावर बांधणं अनेकजण विसरतात. इतकं वजन कुठे जातंय, असं वाटतं. मुंबईसाठी आयएस ८७५ मध्ये धरलेला मूळ वाऱ्याचा वेग आहे सेकंदाला ४४ मीटर, पुण्यासाठी ३९. ४४ मीटर वेगाचा वारा चौरस मीटरला साधारण ११८ किलोचा दाब देतो. मशीनची मोठी बाजू अडीच चौरस मीटर असली तर सुमारे ३०० किलोचा आडवा रेटा झाला, तोही उंच इमारतीचे आणि कडेचे गुणक धरण्याआधी. रबरी पॅडवर नुसती टेकवलेली पेटी अशा रेट्यात सरकू शकते, आणि सरकली की डक्ट आणि केबल दोन्ही ताणतात. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगड किनाऱ्यावरच्या गच्च्यांची काय दशा केली ते कोकणातल्या कुणालाही सांगायची गरज नाही. बेसच्या चारही कोपऱ्यांत क्लॅम्प, नटाला स्प्रिंग वॉशर किंवा लॉक नट, आणि बोल्टच्या भोकात रबरी बुश, म्हणजे कंपनही अडतं आणि पकडही राहते.

हवेची वाट

कंडेन्सरच्या कॉईलसमोर किमान १ मीटर, पॅनेलच्या बाजूला १ ते १.२ मीटर, आणि पंखा वर फेकणारा असेल तर वर २ मीटर तरी पूर्ण मोकळं. दोन युनिटं शेजारी असतील तर मध्ये २ मीटर. मॅन्युअलमध्ये याहून जास्त अंतर दिलेलं असेल तर तेच पाळायचं.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे नंतर मशीनवर पत्र्याची शेड घालणं. ‘उन्हापावसाने खराब होईल’ म्हणून मालक प्रेमाने घालतात. ही पेटी उन्हापावसातच राहायला बनवलेली आहे. वर पत्रा आला की पंख्याने फेकलेली गरम हवा तिथे आपटून परत कॉईलमध्ये शिरते. बाहेर ३८ अंश असताना कॉईलला ४६ अंशांची हवा मिळू लागते. आर-४१०एचं कंडेन्सिंग तापमान हवेच्या वर १५ अंश धरलं तर ते ६१ वर पोचतं आणि दाब ५५० पीएसआयच्या पुढे जातो. दाब फार वाढला की मशीन बंद करणारा हाय प्रेशर स्विच साधारण ६०० च्या आसपास तुटतो. म्हणजे कॉईलवर थोडी धूळ बसली तरी ऐन लग्नाच्या मुहूर्तावर मशीन ट्रिप. मग कुणीतरी स्विच शॉर्ट करून ‘चालू करून देतो’. असं कधीही करू देऊ नका. तो स्विच फुटणारी पाइप आणि जळणारा कॉम्प्रेसर या दोन्हींना वाचवतो.

विदर्भातल्या लोकांनी एक गोष्ट वेगळी पाहायची. मशीनवर लिहिलेली क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते. नागपूर, चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा ११ टनी मशीन ११ टन देत नाही. कंपनीकडून ४६ अंशांवरची क्षमता आणि वीजवापर लेखी मागा, त्या आकड्यावर निवड करा.

ताजी हवा घेणारं तोंड स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टपासून आणि शौचालयाच्या व्हेंट पाइपपासून किमान ३ मीटर दूर असावं, आणि नेहमीचा वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला. रेस्टॉरंटमध्ये हे चुकलं तर फोडणीचा वास परत हॉलमध्ये येतो आणि तेलाचा थर फिल्टर बुजवतो.

पाणी

मुंबईसारख्या दमट हवेत एकूण थंडाव्यातला साधारण ३० टक्के भाग बाष्प काढण्यात जातो. ११ टन म्हणजे ३८.७ किलोवॉट, त्याचे ३० टक्के ११.६ किलोवॉट. हिशेब केला तर तासाला सुमारे १७ लिटर पाणी निघतं. आठ तासांच्या समारंभात १३५ लिटर. हे पाणी कुठे जाणार, हे आधी ठरवा.

यू-ट्रॅपबद्दल जरा सविस्तर, कारण प्लंबर तो लावतो पण मापात लावत नाही. बहुतेक युनिटात ब्लोअर कॉईलच्या पुढे असतो आणि हवा कॉईलमधून ओढतो. त्यामुळे ड्रेनच्या ताटात बाहेरच्यापेक्षा कमी दाब असतो. सरळ पाइप लावली तर पाणी बाहेर जायच्या ऐवजी बाहेरची हवा पाइपातून आत शिरते आणि पाण्याला अडवून धरते. ताट भरतं, ब्लोअर थेंब उडवत डक्टमध्ये नेतो, जाळीतून पाणी पाहुण्यांच्या अंगावर. मशीन बंद केलं की पाणी भसकन वाहून जातं, म्हणून तपासायला आलेल्याला ड्रेन साफ दिसतो. ओळखायची खूण हीच: चालू असताना गळणं आणि बंद केल्यावर वाहणं.

माप असं ठेवा. ताटाच्या तोंडापासून ट्रॅपच्या बाहेरच्या तोंडापर्यंत किमान ७५ मि.मी. उतार, आणि ट्रॅपमध्ये ५० मि.मी. पाणी उभं राहील एवढी खोली. डक्ट लांब आणि ब्लोअर जोरदार असेल तर याहून जास्त, मॅन्युअलमध्ये तक्ता असतो. पाइप ३२ मि.मी. पीव्हीसी, पुढे १०० ला १ उतार, ट्रॅपच्या वर साफ करायला टोपणाची टी. दोन युनिटांचे ड्रेन एकाच ट्रॅपवर जोडू नका, एक बंद असलं की दुसरं त्याच्या ताटातून हवा ओढतं. ड्रेन शौचालयाच्या पाइपात थेट सोडू नका, ट्रॅप सुकला की वास थेट हॉलमध्ये. आणि मोसम सुरू होताना ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतायचं, कारण बंद काळात तो सुकतोच. काम ताब्यात घेताना ब्लोअर पूर्ण वेगात चालू ठेवून ताटात १० लिटर पाणी ओतायला लावा. सगळं बाहेर आलं तरच पैसे.

वीज

अपघात इथेच होतात. ११ टनी मशीन ४१५ व्होल्टवर साधारण २० ते २५ अँपिअर घेतं, नेमका आकडा नेमप्लेटवर. ३० मीटरपर्यंतच्या अंतराला चार गाभ्यांची १० चौरस मि.मी. तांब्याची आर्मर्ड केबल पुरते. गच्चीवर केबल उन्हात उघडी पडत असेल तर क्षमता कमी धरावी लागते, ट्रेवर झाकण टाका. ब्रेकर कंपनीने सांगितलेल्याच अँपिअरचा. ‘सारखा पडतो’ म्हणून ४० च्या जागी ६३ चा घालायचा नाही. ब्रेकर का पडतो ते शोधायचं.

मशीनच्या दृष्टिपथात, हाताशी, पावसाळी कव्हरचा आयसोलेटर हवा आणि त्याला कुलूप लावायची सोय हवी. काम करणाऱ्याने स्वतःचं कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. खाली पॅनेलवर नुसता ‘काम चालू आहे’चा कागद पुरेसा नाही, हॉलचा मॅनेजर उकडलं की ब्रेकर चढवतो. इन्व्हर्टर ड्राइव्हचं मशीन असेल तर वीज तोडल्यावर मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ, निदान ५ मिनिटं, थांबून आणि मीटरने तपासूनच झाकण उघडायचं. कपॅसिटरमध्ये वीज साठून उरलेली असते.

अर्थिंग दोन, वेगवेगळ्या वाटेने. थ्री फेज मशीनच्या धातूच्या अंगाला दोन स्वतंत्र अर्थ जोडण्या हा नियमच आहे. ८ गेजची तांब्याची तार किंवा २५ बाय ३ मि.मी.ची जीआय पट्टी, आणि ती मशीनच्या अर्थ बोल्टला जोडायची, रंगावर नाही, रंग खरवडून. स्टँडला जोडून भागवू नका, मध्ये रबरी पॅड आहेत. गच्चीवर सर्व्हिससाठी सॉकेट द्याल तर ते ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर, म्हणजे शॉक बसताच वीज तोडणाऱ्या ब्रेकरवर. ओल्या गच्चीवर ड्रिल आणि प्रेशर वॉशर तिथूनच चालतात. सगळं काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्या आणि वाढीव भार महावितरणकडून मंजूर करून घ्या. हे शेवटी करायचं काम नाही, मशीन निवडतानाच सुरू करायचं.

फेजच्या असमतोलाकडे फार कमी जण लक्ष देतात आणि कॉम्प्रेसर त्यानेच मरतात. समजा तीन फेजमधले व्होल्टेज ४१५, ४०८ आणि ३९८ आहेत. सरासरी ४०७, सगळ्यात मोठा फरक ९, म्हणजे असमतोल २.२ टक्के. दिसायला किरकोळ, पण मोटरच्या तापमानातली वाढ त्या टक्क्यांच्या वर्गाच्या साधारण दुपटीने होते, म्हणजे इथे जवळपास १० टक्के. हॉलमध्ये सजावटीचे दिवे, डीजे, गिझर सगळे एकाच फेजवर टाकले की हे होतं. समारंभ चालू असताना, पूर्ण भारावर मोजा. २ टक्क्यांच्या वर असेल तर आधी भार वाटून घ्या. सिंगल फेजिंग (एखादी फेज जाणं) आणि फेजचा क्रम पाहणारा रिले मशीनमध्ये नसेल तर बाहेर लावा.

जनरेटरवर चालवायचं असेल तर वीज गेली-आल्यावर निदान ३ मिनिटांचा टायमर हवा आणि दोन कॉम्प्रेसर एकदम सुरू होता कामा नयेत.

केबल पेटीत शिरते तिथे ग्लँड घट्ट बसवा. मोकळं भोक सोडलं तर पावसाळ्यात पाणी आणि बाकी वर्षभर उंदीर.

पहिल्यांदा सुरू करताना

क्रँककेस हीटर, म्हणजे कॉम्प्रेसरचं तेल गरम ठेवणारा हीटर, असलेल्या मशीनला किमान १२ तास, शक्यतो २४ तास आधी वीज द्या, कॉम्प्रेसर मात्र बंद. थंड कॉम्प्रेसरमध्ये गॅस तेलात मुरलेला असतो. तसाच सुरू केला की तेल फेसाळून बाहेर फेकलं जातं आणि बेअरिंग कोरडे चालतात. वाहतुकीसाठी लावलेले क्लॅम्प आणि ठोकळे काढलेत का, बघा. मेगर, म्हणजे इन्सुलेशनची चाचणी, घ्यायचा तर कंट्रोल बोर्ड आणि ड्राइव्ह सोडवून ५०० व्होल्टवर. बोर्डासकट घेतला तर बोर्ड जाईल.

स्क्रोल जातीचा कॉम्प्रेसर उलटा फिरला तर मोठा खडखडाट येतो, अँपिअर कमी दाखवतो आणि थंडावा येत नाही. लगेच बंद करून आयसोलेटरवर दोन फेजची अदलाबदल करायची. पण त्यानंतर ब्लोअरची दिशाही डोळ्यांनी पाहा. ब्लोअर उलटा फिरला तरी हवा जाळीतून येतेच, फक्त खूप कमी, म्हणून ही चूक महिनोन्महिने लपते.

मग नोंदी. ११ टनाला हवा साधारण ४४०० सीएफएम, म्हणजे मिनिटाला तितके घनफूट, हवी. परतीच्या आणि पुरवठ्याच्या हवेत ८ ते १२ अंशांचा फरक यावा. १५ चा आला तर खूश होऊ नका, हवा कमी आहे: फिल्टर बुजलाय, ब्लोअरचा पट्टा सैल आहे किंवा डक्टमधली हवेची झडप (डॅम्पर) बंद आहे. तिन्ही फेजचे अँपिअर, व्होल्टेज, बाहेरचं तापमान हे सगळं एका कागदावर लिहून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा. पुढच्या प्रत्येक बिघाडात हा कागद उपयोगी पडतो. नवा पट्टा पहिल्या एक-दोन दिवसांत सैल पडतो, तो परत ताणायचा. महिन्याने सगळे टर्मिनल स्क्रू पुन्हा आवळायचे.

डक्टबद्दल एवढंच: गच्चीवरच्या भागाला नायट्राइल रबराचं इन्सुलेशन आणि त्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा, सांधे खाली तोंड करून. उघडं रबर उन्हाने दोन-चार उन्हाळ्यांत भुगा होतं. मशीन आणि डक्टमध्ये १०० ते १५० मि.मी. कॅनव्हासची जोडणी, न ताणता. फायर अलार्म वाजताच ब्लोअर बंद होईल अशी तार जोडलेली हवी, नाहीतर धूर हाच ब्लोअर सगळीकडे पोचवतो.

किनाऱ्यावर, म्हणजे अलिबागपासून पणजीपर्यंत, निळ्या फिनची (पातळ पत्र्यांची) कॉईल पाहून समाधान मानू नका. तो निळा थर बहुतेकदा पाणी नीट ओघळावं म्हणून असतो. खाऱ्या हवेसाठी वेगळं कोटिंग मागून लेखी घ्या, नटबोल्ट स्टेनलेसचे, आणि महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने कॉईल धुवा. मायक्रोचॅनल (बारीक नळ्यांच्या अॅल्युमिनियमच्या) कॉईलवर अॅसिड किंवा कॉस्टिकचं क्लीनर अजिबात नको. सांडपाण्याची खाडी किंवा नाला जवळ असेल तर तिथल्या हायड्रोजन सल्फाइडने तांबं काळं पडून बारीक भोकं पडतात, तिथे कोटिंगशिवाय घेऊच नका.

आवाज हा या प्रकाराचा खरा उणा मुद्दा. निवासी भागात रात्री १० नंतर मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि पंखा-कॉम्प्रेसर एकत्र असल्याने मशीन बाहेरच्या बाजूला गोंगाट करतंच. शेजारच्या इमारतीच्या खिडक्या गच्चीच्या बरोबरीला असतील तर डक्टेबल स्प्लिटचा विचार करा किंवा मशीन गच्चीच्या पलीकडच्या टोकाला न्या.

बैठ्या किंवा एकमजली, मोकळ्या गच्चीच्या, थ्री फेज पुरवठा धड असलेल्या जागेला आम्ही हे मशीन बिनधास्त सुचवू. पाचपैकी साडेचार. वर फ्लॅट असलेल्या इमारतीत तीन. स्ट्रक्चरल पत्र मिळत नसेल तर शून्य, कितीही सवलत असो.

वार्षिक देखभालीचा करार करताना त्यात कंडेन्सरची धुलाई वर्षातून किती वेळा, फिल्टर कुणी बदलायचा, आणि गॅस गळती झाली तर काय करणार हे लिहून घ्या. गळतीत नुसता वरून गॅस टाकणं चालणार नाही. उरलेला गॅस सिलिंडरमध्ये काढून घेणं, गळती शोधून बुजवणं, नायट्रोजनने दाब देऊन तपासणं, ५०० मायक्रॉनपर्यंत व्हॅक्यूम आणि नेमप्लेटवरच्या वजनाइतका नवा गॅस, आर-४१०ए असेल तर द्रवरूपात, या क्रमाने काम व्हायला हवं. दाब देऊन तपासण्यासाठी कुणी ऑक्सिजनचा सिलिंडर गच्चीवर चढवत असेल तर त्याला जिन्यातच थांबवा. तेलाशी दाबाखालचा ऑक्सिजन भेटला की कॉम्प्रेसरचा स्फोट होतो.